पिकअप उचलायची की लोड उतरवायचा? लिफ्ट किट, जादा पाटे आणि धारूरचा घाट

सप्टेंबर 2025 मधल्या अतिवृष्टीने मराठवाड्यातल्या रस्त्यांची काय दशा केली हे वेगळं सांगायला नको. त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. 22 सप्टेंबरपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि गाड्यांचे सुटे भागही 18 टक्क्यांच्या टप्प्यात गेले. म्हणजे जी पिकअप आधी करासकट 10 लाखांना पडायची, तिची किंमत नुसत्या करकपातीमुळे साधारण 78 हजारांनी कमी झाली. पुढे 1 नोव्हेंबरला गाळप हंगाम सुरू झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडल्या.

रस्ता खचलेला, गाडी स्वस्त आणि हंगाम अंगावर. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "गाडी थोडी वर उचलून मिळेल का?" ज्याच्याकडे इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स आहे तो याला लिफ्ट किट म्हणतो. ज्याच्याकडे बोलेरो पिकअप, योद्धा किंवा दोस्त आहे तो कमानपाट्याच्या दुकानात जाऊन म्हणतो, "मागं एकेक पाटा वाढवा." नावं दोन, पण मागणी एकच.

या लेखात आपण बघणार आहोत की गाडी उचलल्याने नेमकं काय मिळतं, काय मिळत नाही आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते. उदाहरणासाठी किल्ले धारूरचा परिसर घेतलाय. कारण इथे एका तालुक्यात तिन्ही प्रकारची परीक्षा होते. वर बालाघाटाच्या माथ्यावर मुरूम आणि खडक, खाली तेलगाव-माजलगावकडे काळी जमीन आणि दोन्हींच्या मध्ये धारूरचा अरुंद, वळणावळणाचा घाट, जो आता खामगाव-पंढरपूर या 548-सी क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे.

लिफ्ट म्हणजे नेमकं काय उचलतं?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे, म्हणून आधी तो काढून टाकू.

गाडीचे दोन भाग समजा. एक भाग स्प्रिंगच्या वर बसलेला: चेसिस, केबिन, हौदा, इंजिन. दुसरा भाग स्प्रिंगच्या खाली: चाकं, मागचा अॅक्सल आणि अॅक्सलच्या मध्ये असलेला डिफरन्शियलचा गोळा. सस्पेन्शन लिफ्ट किंवा जादा पाटा फक्त वरचा भाग उचलतो. खालचा भाग जिथे होता तिथेच राहतो. तो रस्त्यावर उभ्या असलेल्या चाकांना बांधलेला असतो. त्यामुळे मागच्या अॅक्सलची जमिनीपासूनची उंची वाढवायचा एकच मार्ग आहे, मोठा टायर.

आता पाणंदीचा रस्ता डोळ्यासमोर आणा. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मध्ये मातीचा उंचवटा उरतो. पिकअप त्या चाकोरीत उतरली की मधल्या उंचवट्याला सगळ्यात आधी काय घासतं? बहुतेक वेळा डिफरन्शियलचा गोळा. म्हणजे त्या जागी तुम्ही 50 हजारांचं किट बसवा नाहीतर दोन लाखांचं, गोळा तिथेच घासणार.

टायरनेही फार काही हाती लागत नाही, हे पण सांगायला हवं. बोलेरोवर दिसणारं 215/75 आर 15 हे माप घ्या. त्याचा व्यास साधारण 703 मिलिमीटर. त्याऐवजी 235/75 आर 15 घातला तर व्यास होतो सुमारे 733. फरक 30 मिलिमीटरचा, आणि त्यातला निम्माच खाली मिळतो, म्हणजे 15 मिलिमीटर. दीड सेंटीमीटरसाठी स्पीडोमीटर सुमारे 4 टक्के कमी दाखवणार, क्लच आणि गिअरवर ताण वाढणार आणि चढाला गाडी जड वाटणार. शिवाय नव्या टायरची वजन पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी निघाली तर सगळंच मुसळ केरात.

आधी निदान, मग औषध

म्हणून पहिला प्रश्न "कुठलं किट?" हा नाही. पहिला प्रश्न आहे, "काय टेकतंय, कुठे टेकतंय आणि कधी टेकतंय?" याची चार उत्तरं संभवतात.

पहिलं, चेसिसचा मधला भाग बांधावर किंवा ओढ्याच्या काठावर टेकतो. लांब पिकअपची ही खरी अडचण आहे. समजा पुढच्या-मागच्या चाकांत 3 मीटर अंतर आहे आणि मध्ये 19 सेंटीमीटर जागा आहे. अशी गाडी साधारण 14 अंशांचा उंचवटा न घासता पार करते. तीच जागा 24 सेंटीमीटर झाली तर हा कोन 18 अंशांपर्यंत जातो. इथे लिफ्टचा उपयोग आहे आणि तो चांगला आहे.

दुसरं, डिफरन्शियल घासतो. इथे लिफ्टचा उपयोग शून्य. चाकोरी सोडून एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवून गाडी चालवणं हा जुना ड्रायव्हरांचा उपाय आजही सगळ्यात स्वस्त आहे.

तिसरं, काळ्या मातीत चाक जागेवर फिरतं. ही उंचीची अडचणच नाही, पकडीची आहे. तिथे टायरची नक्षी, हवेचा दाब आणि फोर बाय फोर असेल तर ते कामाला येतं. चिखलात रुतलेली उंच गाडी ही फक्त उंच रुतलेली गाडी असते.

चौथं, रिकामी असताना काहीच टेकत नाही, पण लोड भरला की मागचा भाग बसतो आणि मडगार्ड टायरला घासतं. धारूर, केज, वडवणीकडे गॅरेजला येणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. पाटे वाढवायची मागणी मुख्यतः इथूनच येते आणि खरा धोकाही इथेच आहे.

गाडी बसते म्हणजे ती काहीतरी सांगत असते

लोड भरल्यावर गाडी बसते याची कारणं दोनच. एक तर पाटे थकलेत, म्हणजे कमान सपाट झाली, एखादा पाटा तडकला, शॅकलचे बुश गेले. नाहीतर गाडीत झेपेल त्यापेक्षा जास्त माल आहे.

यातलं कुठलं हे ठरवायला मिस्त्रीची गरज नाही. कारखान्याच्या नाहीतर जिनिंगच्या भुईकाट्यावर भरलेली गाडी एकदा वजन करा. मग आरसी काढा. त्यावर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट जास्तीत जास्त वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यू म्हणतात. समजा जीव्हीडब्ल्यू 3,490 किलो आणि रिकामं वजन 1,790 किलो आहे. म्हणजे ड्रायव्हर धरून 1,700 किलोची मुभा आहे. काट्यावर 3,400 आले आणि तरी गाडी बसतेय, तर दोष पाट्यांचा आहे. ते बदला, बिनधास्त बदला. काट्यावर 4,500 आले तर पाट्यांचा काही दोष नाही. ते आपलं काम करताहेत.

आता पाटा वाढवला की काय होतं ते बघा. एकसारख्या जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला तर मागचा ताठरपणा साधारण 20 टक्के वाढतो. पण पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून मूळ पाटे 8 मिलिमीटरचे असताना दुकानदाराने "हा घ्या मजबूत" म्हणून 10 मिलिमीटरचा टाकला तर वाढ 20 वरून 39 टक्क्यांच्या आसपास जाते. त्यामुळे किती पाटे वाढवले यापेक्षा किती जाड घातला हे विचारणं जास्त महत्त्वाचं.

एवढं केल्यावर 4,500 किलोची गाडी उभी कशी दिसते? छान, सरळ दिसते. मालकाला वाटतं, गाडीची ताकद वाढली. पण अॅक्सल तोच आहे. हबचे बेअरिंग तेच. टायर तेच. ब्रेकचे ड्रम तेच. चेसिस तेच. वाढलं काय, तर फक्त स्प्रिंगचा ताठरपणा. गाडी "मला जड होतंय" असं जे खाली बसून सांगत होती, ते सांगणं तेवढं आपण बंद केलं. ताप तसाच ठेवून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे हे.

ब्रेकचा तो छोटा व्हॉल्व्ह

आता एक अशी गोष्ट, जी लिफ्टच्या जाहिरातीत नसते आणि पाट्याच्या दुकानातही क्वचितच कोणी बोलतं.

अनेक पिकअपमध्ये मागच्या अॅक्सलजवळ चेसिसला एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. त्यातून एक बारीक दांडी निघून अॅक्सलला जोडलेली असते. याला एलएसपीव्ही म्हणतात, म्हणजे लोड ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह. तो लोड ओळखतो कसा? काही काटा-बिटा नसतो त्यात. चेसिस आणि अॅक्सल यांच्यातलं अंतर कमी झालं की तो समजतो, गाडी भरलेली आहे, मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडा. अंतर जास्त असलं की समजतो, गाडी रिकामी आहे, मागे दाब कमी ठेवा, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी घसरेल.

आता तुम्ही पाटे वाढवले किंवा पाट्याखाली ठोकळा टाकला. गाडी भरली तरी चेसिस खाली येतच नाही. व्हॉल्व्ह समजतो, गाडी रिकामीच आहे. म्हणजे सगळ्यात जास्त लोड असताना मागचे ब्रेक सगळ्यात कमी लागतात. सगळा भार पुढच्या ब्रेकवर.

आणि मग ती गाडी धारूरकडून तेलगावकडे घाट उतरायला लागते.

घाट उतरताना प्रत्येक 100 मीटर उंचीमागे 3,500 किलोच्या गाडीची साधारण 34 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ती इंजिन आणि ब्रेक मिळून जिरवतात. गाडी 4,500 किलोची असेल तर हाच आकडा 44 लाखांवर जातो, म्हणजे जवळपास 29 टक्के जास्त उष्णता. ती जिरवायला मागचे ब्रेक अर्ध्या मनाने काम करताहेत आणि पुढचे तापताहेत. तापलेला ब्रेक हळूहळू धरेनासा होतो. पेडल दाबलं जातं, पण गाडी ऐकत नाही. ड्रायव्हर नंतर म्हणतो, "ब्रेक फेल झाला." तो फेल झाला नाही, त्याला फेल केलं गेलं. आणि ते घाटात नाही, गॅरेजमध्ये.

उपाय आहे आणि महाग नाही. उंची बदलली की त्या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्यायची. हे काम अधिकृत वर्कशॉपमध्ये करून घ्या. काही मिस्त्री ती दांडी तारेने वर बांधून टाकतात, म्हणजे व्हॉल्व्हला गाडी कायम भरलेलीच वाटते. मग रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होतात. एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात टाकण्याचा प्रकार.

वळणावरचं गणित: दोषी कोण?

"गाडी उंच केली की उलटते" असं सरसकट म्हटलं जातं. खरं किती? आकडे मांडून बघू.

वळणावर गाडी उलटायची की नाही हे मुख्यतः दोन मापांवर ठरतं: दोन चाकांमधलं आडवं अंतर आणि गाडीच्या एकूण वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून किती उंच आहे. समजा आडवं अंतर 1.4 मीटर आहे आणि भरलेल्या गाडीचा मध्यबिंदू 1 मीटरवर आहे. 20 मीटर त्रिज्येच्या घट्ट वळणावर कागदावरच्या हिशोबाने उलटण्याची मर्यादा येते ताशी 42 किलोमीटर.

आता दोन इंची लिफ्ट केली. मध्यबिंदू 1.05 मीटरवर गेला. मर्यादा आली ताशी 41. म्हणजे फक्त एक किलोमीटरचा फरक.

आता लिफ्ट नाही, पण माल केबिनच्या वरपर्यंत रचला किंवा हौद्यात माणसं उभी केली. मध्यबिंदू 1.3 मीटरवर गेला. मर्यादा आली ताशी 37.

हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात स्प्रिंग एका बाजूला दबते, माल सरकतो, उभी माणसं कलतात, रस्त्याचा उतार उलटा असतो, त्यामुळे गाडी याच्या बऱ्याच आधी उलटू शकते. पण तुलना मात्र खरी आहे. दोन इंच लिफ्टपेक्षा भरण्याची पद्धत कितीतरी पट जास्त घातक ठरते. लिफ्टचा खरा दोष हा की ती भरणाऱ्याची भीड चेपते. गाडी सरळ उभी दिसते म्हणून आणखी दहा पोती चढतात, आणखी चार माणसं चढतात.

माणसांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. या भागातून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, त्यांचा संसार, लेकरंबाळं ट्रक-ट्रॅक्टरबरोबर पिकअपच्या हौद्यातूनही जातात. मालवाहू गाडीतून अशी माणसं नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलंय. गाडीवरचे कामगार आणि मालासोबत असलेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांची गोष्ट वेगळी. बाकीच्यांची भरपाई गाडीमालकाच्या अंगावर येऊ शकते. ज्याच्याकडे एकच पिकअप आहे आणि तीही हप्त्यावर, तो ती कुठून देणार? आणि ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला ती मिळणार कधी?

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हाच मुद्दा ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-अ आलं. त्यानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा लोडसाठी कलम 194 आहे: 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. म्हणजे एक टन जास्त भरला तर 22,000.

मग पाटा बदलणं गुन्हा आहे का? तुटलेला पाटा काढून त्याच मापाचा घालणं, थकलेले शॉकअप बदलणं ही दुरुस्ती झाली. त्यात काही अडचण नाही. जादा पाटा, ठोकळा किंवा उंच स्प्रिंग हे मात्र बदलात मोडू शकतं. गाडीची उंची आरसीवर छापलेली नसते, म्हणून "चालतंय" असं सांगणारे बरेच भेटतील. पण पाटे वाढवल्याने आरसीवरचा जीव्हीडब्ल्यू एका किलोनेही वाढत नाही, यात कुठलीही शंका नाही. मोठा बदल करायचा असेल तर बीड (एमएच-23) किंवा अंबाजोगाई (एमएच-44) यांपैकी तुमच्या परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो. शिवाय मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस तपासणी असते. तिथे हा विषय निघू शकतो.

तरीही उचलायचीच असेल तर

सगळं वाचून, वजन करून, निदान करून तुम्ही ठरवलं की चेसिस खरोखर टेकतंय आणि लोड मर्यादेत आहे. मग निवड अशी करा.

*व्ही-क्रॉस, हायलक्ससारखी गाडी असेल तर:* पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे अशी रचना असते. चाळीस ते पन्नास मिलिमीटरच्या आत राहा. त्यापुढे गेलात की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन बिघडतो, रबरी बूट फाटतात, वरचे आर्म बदलावे लागतात आणि खर्चाला अंत राहत नाही. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन फोर बाय फोर अशा ऑस्ट्रेलियन कंपन्या एकाच गाडीसाठी वजनानुसार वेगवेगळ्या स्प्रिंगा देतात. "सगळ्यात हेवी द्या" म्हणू नका. गाडीत रोज कायम किती वजन असतं ते सांगा आणि त्या हिशोबाची स्प्रिंग घ्या. रिकाम्या गाडीत हेवी स्प्रिंग म्हणजे बैलगाडीचा प्रवास.

*पुढे-मागे पाटे असलेली कामाची पिकअप असेल तर:* आधी जुने पाटे उतरवून बघा. कमान गेली असेल तर कंपनीच्या मापाचा पूर्ण नवा संच घाला. बऱ्याच गाड्या एवढ्यानेच इंच-दीड इंच वर येतात, कारण तेवढ्या त्या बसलेल्याच असतात. हीच खरी लिफ्ट. कायदेशीर आणि स्वस्त. जादा पाटा घालायचाच असेल तर मूळ जाडीचा घाला.

*शॅकल लांब करून उचलायची असेल तर:* शॅकल दोन इंच लांब केली की गाडी त्या बाजूला साधारण एकच इंच उठते आणि अॅक्सलचा कोन बदलतो. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आवाज करायला लागला तर हे त्याचं कारण असू शकतं.

*ठोकळा:* मागे एकवेळ, पुढे कधीच नाही. पुढच्या अॅक्सलवरचा ठोकळा ब्रेक मारताना निसटण्याचा धोका असतो, आणि पुढच्या अॅक्सलवर स्टिअरिंग असतं.

काम झाल्यावर गॅरेजमधून निघण्याआधी या गोष्टी स्वतः बघा. शॉकअप नव्या उंचीला पुरतो का, की पूर्ण ताणला जातो? ब्रेकचा होज चाक खाली लोंबकळल्यावर ताणत नाही ना? यू-क्लॅम्पचे नट कसलेत का? ते 500 किलोमीटरनंतर पुन्हा कसून घ्यायचे. एलएसपीव्हीची दांडी लावली का? व्हील अलाइनमेंट झालं का? आणि हेडलाइटचा कोन? पुढून उचललेल्या गाडीचा झोत समोरच्या ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत जातो. अरुंद घाटात रात्री ही चूक दोन्ही गाड्यांना महागात पडू शकते.

आणि एक गोष्ट फळवाल्यांसाठी. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि बालाघाटातल्या डोंगरउतारांवर ते भरपूर पिकतं. पिकायला आलेलं सीताफळ धक्का सहन करत नाही. अर्ध्या भरलेल्या, पाटे वाढवून ताठ केलेल्या पिकअपमधून ते बाजारात नेलं की क्रेटमधली खालची फळं काळी पडतात. उंचीत मिळवलं ते भावात गेलं.

शेवटचा हिशोब

पैसे मर्यादित असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी भुईकाट्याची पावती, मग ब्रेक, मग टायर, मग थकलेले पाटे आणि शॉकअप. लिफ्ट किट सगळ्यात शेवटी. पहिल्या चार गोष्टी नीट केल्यावर किटची गरज उरतेच असं नाही.

पण हा हिशोब फक्त गाडीमालकाचा नाही. पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. कागदावर शेतापर्यंत बारमाही रस्ता पोचायला हवा होता. तो जिथे पोचला नाही तिथे शेतकरी आणि गाडीवाले आपापल्या खिशातून तीन-चार इंच उंची विकत घेताहेत. कुणी लाखाचं किट घेतो, कुणी हजारांचा पाटा. गावातल्या वीस पिकअपवाल्यांनी पाट्यांवर, तुटलेल्या शाफ्टांवर आणि घासलेल्या चेंबरवर वर्षभरात किती खर्च केला याची बेरीज ग्रामसभेत एकदा वाचून दाखवा. ती बेरीज म्हणजे न झालेल्या रस्त्याचं बिल आहे. रस्ता सरकारचा असला तरी ते बिल आपणच भरतोय.

तोवर घाट उतरताना खालचा गिअर आणि फाळक्याच्या उंचीतच माल. गाडी बसत असेल तर आधी तिचं म्हणणं ऐकून घ्या.